कंबरेचं निमित्त

१८ सप्टेंबर, लातूर

आज पुन्हा ऐकून घेतलं. दुपारी जिन्यात सगळ्याजणी मेथी निवडायला बसल्या होत्या. मी कठड्याला टेकून उभी, जुडी हातात. उदगीरच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू येईल एवढ्या हळू — 'तनुजाच्या आईला आपल्यात बसायचं न्हाई बगा. लई मानी हाय.'

मानी! बसता आलं असतं तर सगळ्यांच्या आधी बसले असते आणि सगळ्यांच्या शेवटी उठले असते. गप्पांची मला काय कमी हौस आहे?

ह्या इमारतीत नवरा कुणाचाच नाही. प्रत्येक खोलीत एक आई, एक पोर, एक गॅस आणि भिंतीवर केमिस्ट्रीचा तक्ता. पोरांची डॉक्टरकीची परीक्षा होईपर्यंत आयांनी गाव सोडून लातुरात खोली करून राहायचं, हा आता रिवाजच झालाय. इथे आम्हाला नावंही नाहीत. मी तनुजाची आई. सिंधू फक्त ह्या वहीत.

वही ओट्यावर असते, पोळपाटाशेजारी. उभ्यानं लिहायची सवय झालीय. पानांना कणीक लागते, चालायचंच.

२२ सप्टेंबर, गावी

महालक्ष्म्यांसाठी निलंग्याकडे घरी आले. तनुजा लातुरातच, तिची टेस्ट आहे. सोळा भाज्यांचा स्वयंपाक, चटण्या, आंबील. पंगतीवर पंगत वाढली. सगळे म्हणतात, सून असावी तर अशी, जमिनीला पाठ लावत नाही. पाठ लावायला माझी ना नाही. टेकवायची भीती आहे ती वेगळ्याच जागेची.

जेवले स्वयंपाकघरात, धान्याच्या कोठीवर ताट ठेवून, उभ्यानं. सासूबाईंनी पाहिलं. पार्वतीबाई मनानं वाईट नाहीत. 'बस की गं जरा. भूकंपातली कंबर हाय ती, उभारून उभारून मोडंल एखांद्या दिवशी.'

हो म्हटलं. इतकी वर्षं सगळ्यांना कंबरच सांगितलीय. कंबर चारचौघांत दुखू शकते. कंबरेला तेल लावता येतं, पट्टा बांधता येतो, कंबरेची विचारपूस दीरसुद्धा करू शकतो. जिथे दुखतं त्या जागेचं नाव मला तोंडानं घेता येत नाही. बसलं की निखाऱ्यावर बसल्यासारखं. एकाच बाजूला, आतून, पार लघवीच्या वाटेपर्यंत.

हरिओमनाही कंबरच माहीत आहे. (नवऱ्याचं नाव कागदावर घेते. तोंडानं नुसतं 'अहो'.) मी अंग चोरते त्याचा अर्थ त्यांनी आपला लावलाय — हिचं मन उडालं. आताशा ते जवळ येतच नाहीत. मला सुटल्यासारखं वाटतं आणि मग रडू येतं.

३० सप्टेंबर, किल्लारी

भूकंपात गेलेल्या माझ्या माहेरच्या जुन्या गावाच्या जागी फुलं वाहिली. दरवर्षी येते. बाबा थकलेत, तरी हात दाखवतात — 'ह्याच हातानं वढली तुला.' मी दहा वर्षांची होते. कंबरेपर्यंत मातीत.

त्यानंतर गावात कुणाचं काहीही दुखो, ते भूकंपाचंच असतं. बसलिंगप्पा काकांचे कान, आत्याची शुगर. परवा एकाचा मोतीबिंदूही भूकंपाचाच निघाला. मग माझं दुखणं कुठे जाणार!

४ ऑक्टोबर, लातूर

कमरुन्निसा खालांनी पकडलं. खाला म्हणजे आमच्या घरमालकीण, खाली राहतात. त्यांच्याकडे कमोड आहे, त्यांच्या मिस्टरांसाठी बसवलेला. मिस्टर गेले, कमोड राहिला. वरचं पाणी गेलं की मी तिथे जाते. आणि वरचं पाणी फारच वेळा जातं, असं मी सांगते. कारण जगात तेवढी एकच जागा आहे जिथे बसलं की कळ कमी होते. का ते माहीत नाही. कधी कधी पेपर घेऊन जाते.

आज बाहेर आले तर खाला दारात. 'तनुजा की अम्मा, तू बैठती कायकू नै गे? बस में खडी, जिने पे खडी. और इधर अंदर गई तो आधा घंटा.'

मी म्हटलं, कंबर.

'कंबरवाली औरतां झुकती नै. तू तो झुक के झाडू मारती.'

आणि मग सांगितलं. उर्दूत सांगितलं, मोडक्या. दुसऱ्याच्या भाषेत लाज कमी वाटली. खाला हसल्या नाहीत की हळहळल्या नाहीत. म्हणाल्या, नांदेडला त्यांचे भाऊ खाजामियाँ आहेत, त्यांच्या गालाची नस अशीच पेटायची, घास चावता येत नव्हता. तिथे नुसत्या दुखण्याच्या डॉक्टरीण हैदराबादहून येतात. 'नस का काम उनकू मालूम है. चल मेरे साथ.'

११ ऑक्टोबर

नांदेडला जाऊन आले. जाताना येताना बसमध्ये उभी. कंडक्टर म्हणाला, 'बाई, शीट रिकामं हाय की.' खालांनी त्याला गप्प केलं — 'नवस है उसका.' मी हसले तेवढंच दिवसभरात.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला — कमोडवर बसल्यावर बरं वाटतं का?

इतके डॉक्टर झाले, मणक्याचे फोटो झाले, पट्टे झाले, हे कुणी विचारलं नव्हतं. तिथेच रडले. त्या थांबल्या. मग तपासलं. एका ठिकाणी बोट टेकलं आणि मी टेबलावरून उठलेच. म्हणाल्या, हीच. पुडेंडल म्हणून नस असते, बसायच्या हाडाच्या आतल्या अंगानं जाते. ती चिडलीय.

भूकंपाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, त्यानंतर नीट बसत होतात का? तेव्हा आठवायला लागले. शाळेत जमिनीवर बसले. सायकल शिकले. लग्नानंतर हरिओमच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून उसाला गेले, आणि गाणी म्हटली! मग कधीपासून? तनुजा झाली तेव्हापासून. दोन दिवस अडले होते मी.

बाई म्हणाल्या, असू शकतं, इतक्या वर्षांनी नक्की कुणीच सांगू शकणार नाही.

माझं दुखणं तिच्या जन्मापासूनचं, हे तनुजाला कधीच कळू द्यायचं नाही.

१२ ऑक्टोबर

उपाय लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. आधी नुसतं सुन्न करायचं इंजेक्शन, त्या नसेजवळ. तेवढ्या वेळापुरती कळ गेली तर दुखणं ह्याच नसेचं. मग पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी. सुई नसेच्या शेजारी न्यायची, टोकातून विजेचे बारीक ठोके द्यायचे, थांबत थांबत. जाळत नाहीत, तेवढी उष्णता होऊच देत नाहीत. नस शांत होते — झाली तर. कुणाला सहा महिने आराम, कुणाला वर्षभर, कुणाला काहीच नाही. ह्यावर मोठे अभ्यास अजून थोडेच झालेत, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

त्यानंच जास्त घाबरले. मागच्या वेळी डॉक्टर छातीठोक बोलले होते. 'पिशवी काढा, दुखणं गेलंच म्हणून समजा.' गावाकडच्या दवाखान्यात कुठे दुखतं विचारलं, मी 'खाली' म्हटलं, आणि खाली म्हणजे गर्भाची पिशवी. आमच्या गल्लीत निम्म्या बायकांच्या काढल्यात. मीही गेले त्याच वाटेनं, तिशीसुद्धा नव्हती. पिशवी गेली. दुखणं तिथेच. दुसरं मूल तेवढं व्हायचं राहून गेलं.

१३ ऑक्टोबर

उदगीरच्या बाईंना नांदेडचा वास लागला. 'नसा जाळत्यात म्हनं तिथं. मग लघवी आवरत न्हाई, जन्मभर लंगोट.' कुणाचं ऐकलं विचारलं तर सांगता येईना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तसं होत नाही, सहसा. त्या 'सहसा'वर दिवस गेला.

१५ ऑक्टोबर

हरिओम आले, दूध आणि ज्वारी घेऊन. तनुजा क्लासला. चहा दिला आणि सांगून टाकलं. पाठमोरी उभी राहून, भांडी घासत. कुठे दुखतं, कसं दुखतं, म्हणून जवळ येत नाही, मन उडालेलं नाही. सगळं. नळ चालू ठेवला होता.

मग म्हणाले, 'मग पिशवी कशापायी काढली आपुन?'

'आपुन' म्हणाले. मला वाटलं होतं 'तू' म्हणतील.

रागावलेले नव्हते. कपात बघत होते. चहा तसाच ठेवून गेले.

२२ ऑक्टोबर

हरिओम पुन्हा आले. हातातल्या थैलीतून काय काढलं — स्कूटीची ट्यूब! हवा भरलेली, वर जुन्या नऊवारीचा अभ्रा, कडेनं दुहेरी टीप. 'ह्याच्यावर बसून बग. मधी पोकळ हाय.'

शिंप्याला काय सांगितलं विचारलं.

'आईला मूळव्याध झालाय म्हनून.'

बिचाऱ्या सासूबाई. मी हसत सुटले, तेही हसले. किती दिवसांनी. ट्यूबवर बसले. थोडा वेळ जमलं, एक अख्खा कप चहा होईपर्यंत. कमोडचं गुपित ह्या माणसानं न शिकता ओळखलं.

इंजेक्शनला ते येणार आहेत बरोबर. पुढचं पुढे.

२६ ऑक्टोबर

तनुजाला उभ्यानं अभ्यास करायचं खूळ लागलंय. फ्रिजवर पुस्तक ठेवून वाचते. उभं राहिलं की झोप येत नाही म्हणाली. पोरगी माझ्यावर गेली. फ्रिजचं दार उघडायचं तर तिला आधी हलवायला लागतं.

१ नोव्हेंबर, नांदेड

हे बसून लिहितेय.

मांडी घालून. खाजामियाँच्या घरी, सतरंजीवर. अक्षरसुद्धा वेगळं आलंय, आखीव.

सकाळी पालथं झोपवलं, फोटोत बघत बघत सुई घातली. दुखलं. मग हळूहळू ती बाजू परक्याची झाली. बाई म्हणाल्या, आता बसा. मी बसेना. त्या म्हणाल्या, बसा तर. खुर्चीच्या कडेला टेकले, मग अर्धी, मग पूर्ण. काही नाही. नुसती खुर्ची! खुर्ची अशी असते हे विसरलेच होते.

दुपारी दस्तरखान अंथरला. सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून जेवले. खालांनी मला वाढायला उठूच दिलं नाही. 'आज तू मेहमान है, बैठ.' सगळे उठले तरी मी बसून राहिले, हात वाळले. हरिओम दारातून बघत होते. डोळे पुसले त्यांनी, धूळ गेल्यासारखं करून.

म्हणजे नस हीच. भूकंप नाही, कंबर नाही, पिशवी तर नाहीच.

२ नोव्हेंबर, लातूर

काल येताना बसमध्ये शेजारी शेजारी बसलो. लग्न झाल्यावर गावी आलो तेव्हासारखं. त्यांना झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर. अहमदपूरच्या पुढे कळ परत यायला लागली. आधी मुंग्या, मग चटका, मग ते नेहमीचं. उठून उभं राहायला पाहिजे होतं. उठले नाही. त्यांची झोप मोडली असती.

रेडिओफ्रिक्वेन्सीसाठी सहा डिसेंबर सांगितलाय. डॉक्टरीणबाई त्या दिवशी येणार. हो म्हणून आले. आता हे दुखणं आधीपेक्षा जास्त वाटतंय. नसणं काय असतं ते कळलंय ना.

८ नोव्हेंबर

तनुजाच्या टेस्टचे मार्क आले. घसरलेत. चांगलेच. ती फ्रिजपाशी जाऊन उभी राहिली.

क्लासच्या सरांचा फोन — 'आई, घरात काही प्रॉब्लेम आहे का? मुलीचं लक्ष नसतं. तीन तासांच्या पेपरात मधेच उठते.' मी म्हटलं, काही नाही सर. पण कसं काही नाही? मी दोनदा नांदेडला गेले. दोनदा तिचा डबा चुकला. घरात दुसरं बोलणं नाही — नस, सुई, तारीख. पोरीनं अभ्यास कसा करायचा?

१३ नोव्हेंबर, गावी

दिवाळी. तनुजा आली आणि लगेच परत जायचं म्हणाली. ओवाळतानासुद्धा पाटावर टेकली न टेकली, घाई. फराळाला बसलीच नाही. आजीनं विचारलं तर म्हणाली, रिव्हिजन राहिलीय.

नांदेडचं सासूबाईंच्या कानावर गेलंय; त्यांनी मला बाजूला घेतलं. 'तुझं दुखनं खोटं हाय असं म्या म्हनत न्हाई. पर मे महिन्यात पोरीची परीक्षा. तुझं काय वर-खाली झालं तर तिचं वर्ष जाईल. इतकी वर्सं काढलीस, आनखी सहा महिने काढ.'

हरिओम म्हणाले, 'तुला वाटंल तसं.' मला वाटेल तसं! आजवर मला काय वाटतं ते मला तरी कुठे कळलंय. वाटतं ते एकच, बसावं.

१७ नोव्हेंबर

ट्यूब सापडत नाही. पलंगाखाली होती. खालांना विचारलं, जिन्यात बघितलं. जुनी ट्यूब कोण नेईल? हरिओमना सांगितलं नाही, वाईट वाटेल त्यांना.

२० नोव्हेंबर

नांदेडला फोन केला. सहा डिसेंबर नको म्हटलं. मे महिन्यानंतर बघू. फोनवरची मुलगी म्हणाली, पेशंट घाबरतात, तुम्ही एकदा बाईंशी बोला. मी म्हटलं घाबरले नाही, मुलीची परीक्षा आहे.

खरं सांगायचं तर दोन्ही. मेमध्ये परीक्षा झाल्यावर न जाण्यासाठी कुणाकडे बोट दाखवायचं? तेव्हाचं तेव्हा.

खालांना सांगितलं. म्हणाल्या, 'बेटी के वास्ते?' हो म्हटलं. 'बेटी ने बोला?'

नाही. तिला विचारलंच नाही. तिला कशाला त्यात ओढायचं.

२१ नोव्हेंबर

तनुजाला सांगितलं, नांदेड बंद, आता घरात फक्त तुझा अभ्यास. वाटलं खूश होईल. ती एकदम म्हणाली, 'का? तू जा ना. तुला बरं वाटलं होतं ना?' आणि रडायला लागली. टेन्शन असेल. मी डोक्यावर तेल घातलं. तेही उभ्यानंच, दोघी.

२६ नोव्हेंबर

ट्यूब सापडली. तनुजाच्या क्लासच्या बॅगेत. हवा काढून, घडी घालून, फिजिक्सच्या जाड पुस्तकाखाली. शेजारी तिच्या सायकलचा पंप.

ती दारात उभी होती. विचारलं, हे काय? कधीपासून?

'कंबर दुखते,' म्हणाली.

माझंच वाक्य. माझ्यासारखीच खाली बघून.

म्हटलं, कंबर नाही. नीट सांग, कुठे. तिनं उघड्या दाराकडे बघितलं. जिन्यात उदगीरच्या बाई होत्या. मी दार लावलं नाही. आधी मी माझं सांगितलं, त्या जागेचं नाव घेऊन. मग तिनं सांगितलं, तिचीही तीच जागा.

नांदेडला लगेच फोन केला. माझी सहा डिसेंबरची जागा अजून कुणाला दिलेली नाही म्हणाले. म्हटलं, देऊ नका. दोघी येतोय, आधी तिला बघा.